बाजाराच्या वाढदिवशी हाय

"कोण गेलं?" फोन उचलल्या उचलल्या ओतिलियाने विचारलं. मारिसेलावहिनीचा फोन यायचा तो कुणी गेल्यावरच. एरवी दोघींमध्ये बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"तुझ्या भावाचा आवाज," मारिसेला म्हणाली. "सकाळी बाजारातल्या माऊलीच्या मूर्तीपुढे सगळे गायला लागले आणि याच्या तोंडातून नुसती हवा. ये लवकर. आणि काळं काही घालून येऊ नकोस, बाजाराचा वाढदिवस आहे."

ओतिलियासमोर खुर्चीत एक बाई अर्धे केस रंगवून बसली होती. उरलेले अर्धे कसे रंगवले, हे नंतर ओतिलियाला आठवेना. चोपन्न वर्षांची झाली होती ती. चौतीस वर्षांत घरच्यांनी तिला बारशाला बोलावलं, मर्तिकाला बोलावलं, पण सोनिदोच्या, म्हणजे रस्त्यावरच्या नाचाला गाणी वाजवायच्या घरच्या कामाला कधी नाही.

सान हासिंतो बाजाराचा वाढदिवस आणि सोनिदो तेकोलोते ही जोडी मेक्सिको शहराच्या त्या पूर्वेकडच्या वस्तीत बाजाराइतकीच जुनी. बाजारामागचा रस्ता बंद करायचा, वर ताडपत्र्या ताणायच्या, दोन्ही बाजूंना माणसाच्या दुप्पट उंचीच्या भोंग्यांच्या भिंती उभ्या करायच्या आणि दुपारपासून संध्याकाळी सहापर्यंत कुंबिया वाजवायची. तेकोलोते म्हणजे घुबड, म्हणून प्रत्येक भोंग्यावर पिवळ्या डोळ्यांचं घुबड रंगवलेलं. वस्तीत घुबड अपशकुनी मानतात. ओतिलियाच्या वडिलांनी, डॉन तेयोंनी, ते हट्टाने घेतलं होतं. "घुबड बोललं की माणूस मरतो म्हणतात ना," ते सांगायचे, "माझं घुबड बोललं की मेलेला उठून नाचतो."

आता ते घुबड मुकं झालं होतं. तबकड्या काय, कुणीही लावील. पण गाणं चालू असताना माईकवर "मासळीच्या गल्लीतल्या चोलेला आणि तिच्या चारही बहिणींना सलाम" म्हणत अख्ख्या वस्तीची नावं गाण्यात ओवायची, ही सोनिदोवाल्याची खरी विद्या, आणि ती सगळी घशात. डॉन तेयोंनी बारा वर्षांपूर्वी माईक मुलाच्या, पोन्सियानोच्या हाती दिला होता. तोच मुलगा आज बायकोच्या कोंबडीच्या गाळ्यात गळ्याला फडकं गुंडाळून बसला होता. मांडीवर खोक्याचा पुठ्ठा, हातात जाड पेन.

ओतिलिया पोचली तेव्हा घरची सभा रंगात आली होती. डॉन तेयो तपकिरी सूट घालून उलट्या क्रेटवर बसले होते. ब्याऐंशी वर्षांचं वय, पण टायची गाठ अशी की आरशाने सलाम करावा. आई शेजारीच मोठ्या पातेल्यात भात हलवत होती. तिचं नाव क्रेसेंसिया, पण बाजार तिला दोन्या चेंचा म्हणे.

"माईक मी घेतो," डॉन तेयो म्हणाले.

पोन्सियानोने पुठ्ठ्यावर झपाझप लिहिलं आणि वर धरलं. डॉन तेयोंच्या डोळ्यांचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात होतं. लांबचं त्यांना दिसे, पण जवळच्या अक्षरांच्या मुंग्या होत. म्हणून मारिसेलाने वाचलं, "म्हणतोय, बाबा, तुमचं वय झालं."

"माईकचं वजन असतं केवढं? प्रश्न तबकड्यांचा आहे. नावं वाचता येत नाहीत मला. लावणार कोण?"

"ओती लावेल," आई भातातून नजर न उचलता म्हणाली.

गाळ्यात टांगलेल्या कोंबड्यासुद्धा ऐकत असल्यासारख्या. पोन्सियानोने लिहायला घेतलं. पेन इतकं दाबलं की पुठ्ठा फाटला. ओतिलियाला तिरक्या नजरेने अक्षरं स्पष्ट दिसली : ती सोडून कोणीही.

मारिसेलाने पुठ्ठा हातात घेतला, क्षणभर बघितला आणि मोठ्याने वाचलं, "ती सोडून कोणी नाही."

पोन्सियानोचं तोंड उघडलं. त्यातून कुकरच्या शिट्टीआधी येते तशी वाफ आली, पण शब्द आला नाही. ओतिलियाने वहिनीकडे पाहिलं. वहिनी सुरी पुसत होती.

"बरं," डॉन तेयो म्हणाले. मग त्यांनी मुलीकडे तोंड वळवलं. "पण एक अट. आज कुंबिया. ते तुझं हाय नाही. एकसुद्धा नाही."

"शब्द देते, बाबा."

ते 'हाय' म्हणजे या घराची जुनी ठसठस. त्या नाचाच्या संगीताचं नाव परदेशी आणि लांबलचक, पण शहरात सगळे त्याला नुसतं हायच म्हणत. ओतिलिया तेरा वर्षांची असताना मैत्रिणीने तिला एका बंद पडलेल्या सिनेमाघरात रविवारच्या दुपारी नेलं होतं. खुर्च्या काढून टाकलेल्या, धूर सोडलेला, आणि त्या धुरात एक ठोका. घोड्यासारखा धावणारा, न थांबणारा, मिनिटाला एकशे तीस. शाळेत कुणी जिच्या बाजूला बसत नसे ती जाडी मुलगी नाचणाऱ्यांच्या कड्याच्या मधोमध जाऊन पाय असे फिरवत होती की सगळे शिट्ट्या घालत होते. ओतिलिया घरी आली ती ताप भरल्यासारखी. त्यानंतर तिने रेडिओवर उशी दाबून रात्री कॅसेटी भरल्या, शाळेच्या वहीत ठोके मोजले, मधल्या सुट्टीतला खाऊ सोडून पहिली तबकडी आणली.

डॉन तेयोंनी त्या संगीताची हायच खाल्ली. त्यांची कुंबिया ते मुद्दाम संथ करून वाजवत, इतकी संथ की दोन ठोक्यांच्या मधे अख्ख्या खानदानाचं नाव बसावं. "हे कसलं संगीत, शिवणयंत्र आहे," ते म्हणत. "मागे कुत्रं लागल्यासारखं. यात माणसाचं नाव घ्यायचं कुठे?" ओतिलियाच्या पंधराव्या वाढदिवशी, गुलाबी घोळदार झगा घालून, तिने बापाच्याच यंत्रावर दोन कुंबियांच्या मधे एक हाय हळूच सरकवली. दीडशे पाहुण्यांसमोर डॉन तेयो आले आणि त्यांनी सुई उचलली. विसाव्या वर्षी ओतिलिया तेकोलोते सोडून निघाली, पोन्सियानो राहिला, आणि भावाच्या मनात ती घर टाकून गेलेली ठरली.

पुढे ती डीजे ओती झाली. चाकांच्या बुटांच्या मैदानावर वाजवलं, लग्नात वाजवलं, कपड्यांच्या दुकानाच्या उद्घाटनाला वाजवलं. मग हायची लाट ओसरली, कुणी विचारेना, तिने केशकर्तनालय टाकलं. अकरा वर्षांपूर्वी एका वाहनतळाच्या मालकाने रविवारी रिकामी जागा देऊ केली, तेव्हा पहिल्या रविवारी सात माणसं आली. आता दोनशे येत. साठी ओलांडलेले टायरवाले, निवृत्त परिचारिका, पांढरे बूट घातलेले आजोबा. आणि पहिल्या वर्षापासून न चुकता येणारी आणखी एक बाई, जिच्याबद्दल ओतिलियाने घरी अवाक्षर काढलं नव्हतं.

दुपारी एकला तेकोलोते वाजू लागलं.

डॉन तेयोंनी माईक ओठाशी धरला आणि बारा वर्षांची गंजलेली कडी निघावी तसा तो जुना, मधाळ, जरा नाकातला आवाज ताडपत्रीखालून निघाला. "सलाम, सलाम, सान हासिंतो बाजाराला. भाजीच्या गल्लीला, बुटांच्या गल्लीला, आणि जिने मला एकोणीसशे बहात्तर साली सडकी पपई विकली त्या दोन्या एउलालियाला, देव तिला माफ करो." गल्ली हसली. एउलालियाबाईंची नात दारातून ओरडली, "पपई चांगली होती, तुम्हीच उशिरा कापलीत." डॉन तेयोंनी तेही माईकवर सांगितलं.

ओतिलिया मागे तबकड्यांपाशी होती. बाप नुसतं म्हणे, "ती समुद्राची, बासरीची," आणि तिचा हात पेटीतल्या नेमक्या जागी जाई. या पेट्या तिनेच बारा वर्षांची असताना लावल्या होत्या. पोन्सियानोने क्रम बदलला नव्हता, हे बघून तिला जरा भरून आलं. तिसऱ्या तासाला अशी लय जमली की बापाने श्वास घेतला की तिने आवाज वर उचलायचा, त्याने तोंड उघडलं की खाली आणायचा. दोघं एकमेकांकडे बघतही नव्हती. एकदाच डॉन तेयो भोंग्याकडे बघत म्हणाले, "बरं चाललंय." भोंग्याला म्हणाले असतील.

पोन्सियानो बाजूला केबलच्या वेटोळ्यावर बसून पुठ्ठे लिहीत होता. 'आवाज जास्त आहे.' 'डावा भोंगा फाटतोय.' मारिसेला वाचायची, "म्हणतोय, झकास." सलामाच्या चिठ्ठ्या तिच्याच हातात होत्या. लोक कागदावर नावं लिहून देत, ती सासऱ्यांच्या कानाशी लागून वाचे आणि ते ऐकलं की डॉन तेयोंच्या तोंडून आपोआप माईकवर उतरे. साठ वर्षांची सवय होती ती. कानातून आलेलं नाव डोक्यात न थांबता थेट जिभेवर.

चारच्या सुमाराला गल्लीच्या तोंडाशी पांढरे बूट दिसले. वाहनतळावरची मंडळी. पुढे टायरवाला वेनान्सिओ, हातात जपानी पंखा, मागे वीस-पंचवीस जण. त्यांना कुणी सांगितलं असेल? ओतिलिया मानेने 'नाही, नाही' करत राहिली. वेनान्सिओने हसून हात हलवला आणि सगळे भिंतीला टेकून शहाण्या मुलांसारखे उभे राहिले.

मारिसेला सासऱ्यांच्या कानाशी वाकली. ओतिलिया मागे होती, म्हणून तिला वहिनीच्या हातातली चिठ्ठी दिसली. कोंबडी बांधायचा कागद. कोरा.

"सलाम," डॉन तेयो घुमले, "वाहनतळावर दर रविवारी हाय नाचणाऱ्या मंडळींना, त्यांच्या डीजे ओतीला, आणि त्यांची राणी, अकरा वर्षांत एकही रविवार न चुकवणारी दोन्या चेंचा…"

नाव दोन्ही बाजूंच्या भोंग्यांतून निघालं, समोरच्या भिंतीवर आपटलं आणि परत आलं. डॉन तेयोंनी ते परत येताना ऐकलं.

"कुठली दोन्या चेंचा?" त्यांनी माईकवरच विचारलं.

भाताच्या पातेल्यापाशी आईने झाकण ठेवलं, एप्रनला हात पुसले.

"या बाजारात आहेत किती?" ती म्हणाली.

"तू तर रविवारी माळ जपायला जातेस. भगिनी मंडळात."

"जायचे. पहिले दोन रविवार."

गल्लीत हशा फुटला आणि लगेच विझला, कारण डॉन तेयोंनी माईकचं बटण बंद केलं होतं. तेकोलोतेचा माईक वाढदिवसाला मधेच बंद झालेला कुणी पाहिला नव्हता. कुंबिया संपली. ओतिलियाने दुसरी लावली नाही. तिला वाटलं, आता हे उठतील, सुई उचलतील, टोपी घालतील आणि घरी जातील, आणि पुढची चौतीस वर्षं कोण बघणार होतं.

"अकरा वर्षं," डॉन तेयो म्हणाले. आता नुसता आवाज, भोंग्याशिवाय, म्हाताऱ्या माणसाचा. "मला वाटायचं, गुडघे दुखतात तुझे म्हणून रविवारी इतकी दमून येतेस."

"दुखायचेच. नाचून."

"आणि मला सांगावंसं नाही वाटलं?"

आई जवळ आली. सत्याहत्तर वर्षांची, बुटकी, केसांत तांदळाचा एक दाणा अडकलेला. "अहो तेयो, साठ वर्षं होत आली लग्नाला. या साठ वर्षांत तुम्ही अख्ख्या वस्तीला नाचवलंत. मी कुठे होते, आठवतंय? भोंग्यामागे. केबलला कुणाचा पाय लागू नये म्हणून केबलवर बसून. तुम्ही माईकवर, मग मी नाचणार कुणाबरोबर? कुंबियाला जोडीदार लागतो."

डॉन तेयोंनी मान वळवली, पण बायकोकडे नाही, मुलीकडे. "आणि तुझ्या त्या यात लागत नाही?"

ओतिलियाने या प्रश्नाची वाट चाळीस वर्षं पाहिली होती. उत्तरंही पाठ केली होती, एकापेक्षा एक जळजळीत. आता त्यातलं एकही आठवेना.

"नाही लागत, बाबा," ती म्हणाली. "कडं करतात. ज्याला वाटेल तो मधे येतो, एकटा. ज्याच्याशी कुणी नाचत नाही, तोसुद्धा. मग बाकीचे त्याच्यासाठी टाळ्या वाजवतात. बस, एवढंच आहे ते."

"चांगली नाचते?"

"आई?"

"मग काय मी वेनान्सिओबद्दल विचारतोय?"

"बाबा, आई मधे आली की बाकीचे पाणी प्यायचं थांबवतात."

डॉन तेयोंनी टायची गाठ चाचपली. कार्निता, म्हणजे डुकराचं मटण तळणाऱ्या कढईवाल्याने झारा तसाच वर धरला होता. पोन्सियानोने पुठ्ठा उचलून भराभरा लिहिलं आणि बापाच्या पुढ्यात नाचवलं. शब्द दिलाय तिने.

"म्हणतोय, आईला नाचू द्या," मारिसेलाने वाचलं.

पोन्सियानोने पुठ्ठा उलटवला. मी असं म्हटलं नाही.

"म्हणतोय, मलाही बघायचंय."

पोन्सियानोने तिसऱ्यांदा पेन उघडलं, बायकोकडे पाहिलं, आणि त्याच्या पोटातून काहीतरी निसटलं. खांदे गदगदायला लागले. आवाज नसलेला माणूस हसतो तेव्हा ते रडण्यासारखं दिसतं, पण तो हसत होता. त्याने पुठ्ठा मांडीखाली सरकवला आणि वर बसला.

"वहिनी, तुला कसं ठाऊक?" ओतिलियाने हळूच विचारलं.

"कसं म्हणजे? आईंना दर रविवारी कोण सोडतं? त्या काय पंख लावून येतात? तीन-तीन तास मी कोपऱ्यावर गाडीत बसते. तुझ्या त्या ठोक्यावर पाय आपटून आपटून गाडीचा पत्रा खाली आलाय." मारिसेलाने एप्रन सोडलं. "आत यायचं तर तुझ्याशी बोलावं लागलं असतं. आज सोडणार नाही मी, वन्सं."

ओतिलिया बापाकडे वळली. "मी शब्द दिलाय, बाबा. तुम्ही म्हणालात तर लावते. नाहीतर ही कुंबिया तयार आहे." तिचा हात खरोखरच कुंबियावर होता. तिला आज जिंकायचं नव्हतं. बाप उठून गेला असता तर ती तबकडी लावून काय ऐकणार होती?

"लाव," डॉन तेयो म्हणाले. "एक."

आणि तेव्हा ओतिलियाच्या लक्षात आलं की तिने शब्द पाळायचा म्हणून घरून एकही हाय आणलेली नाही.

आईने बाजाराची पिशवी उचलली. वरची कोथिंबिरीची जुडी बाजूला केली, चिंचेची पुडी काढली आणि तळातून तोर्तियाच्या भाकऱ्या गुंडाळायच्या फडक्यातली तबकडी लेकीच्या हातात दिली. "तुझीच आहे. गेल्या रविवारी उचलली. ओली नाही झाली, मी बघितलंय."

सुई टेकली. आधी ती नेहमीची खरखर, मग लांबून आल्यासारखा एकच ठोका, मग त्याच्या खाली दुसरा, आणि मग तेकोलोतेच्या बारा भोंग्यांनी, ज्यांना कधी कुणी घाई करू दिली नव्हती, धावायला सुरुवात केली. ओतिलियाच्या दातांत ठोका उतरला. वाहनतळावरची तिची दोन पेट्यांची यंत्रणा आणि हे, यात अंगणातलं डबकं आणि समुद्र इतकं अंतर होतं. हे भोंगे इतकं खोल बोलू शकतात हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं, फक्त हे शेवटपर्यंत बोलताना ऐकलं नव्हतं. ताडपत्री फुगून खाली आली. लिंबांचा ढीग घरंगळला. कुणी उचलायला वाकलं नाही.

पांढऱ्या बुटांनी कडं धरलं. वेनान्सिओ आधी मधे गेला, पंखा उघडला, मिटला, चार गिरक्या घेतल्या आणि वाकून वाट करून दिली. आई गेली. एप्रनसकट. पहिले दोन ठोके ती नुसती उभी राहिली, वाहता रस्ता ओलांडायच्या आधी थांबावं तशी, मग टाचा हलल्या. वरचं अंग जागच्या जागी, खांद्यावर घागर असल्यासारखं, आणि खाली पाय असे की कुठला कुठे पडतोय कळू नये. मासळीच्या गल्लीतल्या बायका ओरडल्या, "आजी, आजी." कार्नितावाला झारा कढईवर वाजवू लागला. मारिसेला कड्यात घुसली. तिला एक पाऊल येत नव्हतं, पण अकरा वर्षांचा साठा होता अंगात, तो ती सगळा एकदम काढत होती.

ओतिलिया हसत होती आणि गाल ओले होत होते आणि दोन्ही हात कामात होते, त्यामुळे पुसता येत नव्हतं.

डॉन तेयोंनी माईक चालू केला. तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. ठोक्यांच्या मधे शिरायला फट नव्हती. धावत्या बसमध्ये चढायला बघणाऱ्या म्हाताऱ्यासारखं त्यांनी दोनदा पाऊल उचलून मागे घेतलं.

"कसं बोलायचं गं यात?" त्यांनी मुलीला विचारलं.

"वाक्य नका करू, बाबा. नुसतं नाव घ्या. ठोक्यावर."

डॉन तेयोंनी श्वास घेतला. "चेंचा," ते म्हणाले. बसलं. "चेंचा. क्रेसेंसिया. माझी. बायको. चेंचा." गल्लीने ते उचललं, दोनशे-तीनशे माणसं टाळ्यांवर तेच म्हणू लागली, आणि कड्याच्या मधे आईने नाचता नाचता नवऱ्याकडे असं पाहिलं की ओतिलियाला आपली नजर तबकडीवर वळवावी लागली. बघायची ती गोष्ट नव्हती.

मग शेजारून काहीतरी तिच्या हातात आलं. थंड, जड. माईक. डॉन तेयोंनी कोटाचं बटण लावलं, भोंग्याला धरून पायरी उतरले आणि कड्याकडे चालू लागले. तेकोलोतेचा माईक ओतिलियाने या क्षणापर्यंत फक्त पुसला होता. घरच्या बायकांनी त्यात बोलायचं नसे. तसा नियम कुणी केला नव्हता, पण मोडलाही नव्हता.

तिने भावाकडे पाहिलं. पोन्सियानो पुठ्ठ्यावरून उठला, उरलेल्या कोऱ्या जागेत लिहिलं आणि वर धरलं. मारिसेला कड्यात घामाघूम होती, अर्थ बदलायला मधे कुणी नव्हतं. लिहिलं होतं : बोल. सगळे थांबलेत.

"सलाम," ओतिलिया म्हणाली. आपलाच आवाज बारा भोंग्यांतून ऐकून ती दचकली. तो तिला वाटला होता त्यापेक्षा खाली होता, बापासारखा, जरा नाकातला. "सलाम बाजाराला. सलाम वहिनीला. सलाम माझ्या भावाला, पोन्सियानोला, आज पहिल्यांदा तो माझ्याशी भांडला नाही." पोन्सियानोने छातीवर हात ठेवून मान झुकवली. "सलाम तेयोला. तेयोला. तेयोला. वाट द्या."

कडं उघडलं. डॉन तेयोंना हाय येत नव्हती. ते कुंबियाच नाचत होते, दोन ठोक्यांना एक पाऊल, संथ, रुबाबात, जणू आजूबाजूला सगळं जग घाईत आहे आणि आपल्याला वेळच वेळ आहे. गंमत अशी की ते चुकत नव्हते. त्यांचं एक पाऊल चेंचाच्या दोन पावलांवर बरोबर पडत होतं. ओतिलियाने आयुष्यभर त्या दोन चालींना वेगळं मानलं होतं. आता तिने बोटांनी मोजून पाहिलं, आणि खरंच, एकात दुसरी मावत होती.

तबकडी संपत आली. कबूल एकच केली होती. ओतिलियाने कुंबिया उचलली. कड्यातून बापाचा हात वर आला आणि बोटाने हवेत गोल काढला. पुन्हा तीच. ती चार वेळा वाजली. चौथ्यांदा पोन्सियानोही उतरला.

सहाला सगळं बंद झालं. ताडपत्र्या उतरवल्या, लिंबं गोळा झाली. डॉन तेयो कोट काढून केबल गुंडाळत होते. दोनदा वेटोळं चुकलं. आई क्रेटवर बसून गुडघ्यांना मलम चोळत होती आणि कसं गुंडाळायचं ते सांगत होती.

"उद्या रविवार. किती वाजता निघता?" डॉन तेयोंनी सुनेला विचारलं, केबलकडेच बघत.

"साडेदहाला," मारिसेला म्हणाली. "पण पुढची सीट आईंची आहे. तुम्हाला मागे कोंबड्यांच्या पिंजऱ्यांशेजारी बसावं लागेल."

डॉन तेयोंनी जरा विचार केला. "शर्टाला वास लागेल."

"लागू दे," आई म्हणाली. "दहा मिनिटं नाचलात की कुणाला कळायचा नाही."